लावणीच्या महिन्यातली मोजणी

आमच्या घरात तीन मोबाइल आहेत. एक माझा, एक नवऱ्याचा आणि एक घरचा. घरचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी फळीवर असतो आणि जो जवळ असेल त्याने तो उचलायचा, असा नियम आहे. त्याचा नंबर अठरा वर्षं तोच आहे. नरपडला आमच्या वाडीच्या फाटकावर ‘चिकू मिळतील’ अशी पाटी आहे, तिच्यावर तोच. गॅसच्या पुस्तकावर तोच. मुलीच्या शाळेच्या जुन्या फॉर्मांवर तोच. इतक्या ठिकाणी लिहिलेला नंबर कुणाकुणाच्या हाती पडला असेल, याचा विचार मी फार उशिरा केला. गेल्या वर्षी त्या फोनच्या पायी आमची काकी आम्ही जवळजवळ गमावली होती.

काकी आमच्या नात्यातली नाही. ती तलासरी तालुक्यात, डोंगराकडच्या एका पाड्यावर राहते. घरची भाताची आणि नागलीची शेती आहे. वय साठीच्या आसपास. नक्की तिलाही माहीत नाही. बावीस वर्षं आमच्या वाडीतले चिकू तिची माणसं काढतात. आठ जणांची टोळी, म्हणजे चार जोडपी. पुरुष झाडावर चढून टोकाला जाळी लावलेल्या बांबूने फळं काढतात, बायका खाली वेचतात आणि निवडतात. कोण कुठल्या झाडावर चढेल, ते काकी ठरवते.

चिकूचा रंग पिकताना बदलत नाही. आंबा लांबूनही सांगतो की मी तयार आहे. चिकू सांगत नाही. तो अंगावरची भुकटी किती उरली आहे, देठ कसा दिसतो, यावरून ओळखावा लागतो, आणि तेही पस्तीस फुटांवर, पानांच्या काळोखात. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी माझे दहातले तीन चुकतात. काकीच्या माणसांचा शंभरात एखादा. शिवाय इथल्या प्रत्येक वाडीची टोळी ठरलेली असते. एक सुटली तर दुसरी लगेच मिळत नाही, आणि मिळालीच तर ती कुणालाच नको असलेली असते.

काकीकडे फोन नाही. पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. म्हणून आमच्यात एक पद्धत पडली होती. सकाळी टाकीपाशी ज्याचा फोन सापडेल त्यावरून ती मिस कॉल द्यायची. एक मिस कॉल म्हणजे उद्या येतो. दोन म्हणजे येत नाही. लागोपाठ तीन म्हणजे बोलायचं आहे, तू फोन लाव. मग मी त्या नंबरावर फोन करायचे आणि उचलेल त्याला सांगायचे, “काकीला द्या.” नंबर दर वेळी वेगळा. कधी दुधाच्या गाडीवाल्याचा, कधी अंगणवाडीतल्या बाईंचा, कधी कुणाच्या पाहुण्याचा. नंबर महत्त्वाचा नव्हताच. घंटा किती वाजल्या, ते महत्त्वाचं.

आता त्या दुसऱ्या फोनांबद्दल.

पूर्वी दिवसाला एखादा यायचा. मग वाढत गेले. मुंबई-अहमदाबाद हायवेच्या बाजूला जमिनींची चर्चा सुरू झाली तसे प्लॉटवाले आले. कर्जवाले, विमावाले, शेअर बाजारात शहाणे करून सोडणारे तर होतेच. हिंदीत यायचे, गुजरातीत यायचे, आणि अलीकडे नुसती रेकॉर्ड केलेली बाई यायची, तिला ‘नको’ म्हटलेलं ऐकूच जात नाही.

नवऱ्याला याचा त्रास होत नसे. तो त्यांच्याशी बोलायचा. एकदा एका मुलाने त्याला सहलीचं पॅकेज देऊ केलं.

“सर, दो रात, तीन दिन. समुंदर के किनारे. डहाणू.”

“डहाणू में किधर?”

“सर, एकदम बीच के पास. चिकू का बगीचा भी दिखाएंगे.”

“बगीचे में कौन मिलेगा?”

“सर, वहाँ के लोकल लोग मिलेंगे.”

“मीच तो!” नवरा मराठीत ओरडला आणि इतका हसला की फोन ठेवायचं राहून गेलं. तिकडचा मुलगा अजून ‘सर, सर’ करत होता.

मला हसू आलं, पण मी त्या वेळी पोळ्या लाटत होते आणि त्याच्या आधीच्या तासात तीन फोन मीच उचलले होते. माझी नोकरी कोसबाडला शेतकी केंद्रात आहे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, तापमानं बघायची, वहीत लिहायची. सत्तावीस वर्षं हेच करते आहे. त्यामुळे एखादी गोष्ट फार होते आहे असं वाटलं की मला आधी ती किती होते आहे ते बघावंसं वाटतं. नवरा म्हणतो, तुला चावलेले डासही तू मोजशील. एका उन्हाळ्यात मी ते मोजलेही आहेत.

मी एक शाळेची वही घेतली आणि फळीवर फोनच्या शेजारी पेन्सिलीसकट ठेवली. जुलैची एक तारीख ते एकतीस तारीख. अनोळखी नंबरावरून फोन आला की वेळ, भाषा आणि काम लिहायचं. नवऱ्यालाही बजावलं. तो ‘काम’ या रकान्यात ‘गोड आवाज’ वगैरे लिहायचा; ते मी खोडून त्याला विचारून नीट लिहायचे.

एकतीस दिवसांत दोनशे त्रेसष्ट फोन आले. म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेआठ. कर्जाचे चौऱ्याण्णव, विम्याचे एक्कावन्न, जमिनीचे सत्तेचाळीस, शेअरचे तेहेतीस. अठरा फोनांत कुणी बोललंच नाही. सहलीचे नऊ. सहा काय होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि खरोखर आमच्या कामाचे पाच: दोन गॅसवाल्याचे, तीन पार्सलवाल्यांचे. दोनशे त्रेसष्टांत पाच, म्हणजे शेकड्याला दोनसुद्धा नाहीत.

गणपतीला मुलगी पुण्याहून आली तेव्हा मी तिला वही दाखवली.

“आई, तू हे सगळं लिहिलंस?”

“तोंडी सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास?”

“अगं, यात एक सेटिंग असतं. फोनमध्ये नाव सेव्ह नसेल तर घंटाच वाजत नाही. परस्पर बंद होतो. नंतर बघायचं असेल तर वेगळ्या यादीत दिसतात.”

नवरा म्हणाला, “म्हणजे माझे मित्र गेले सगळे.”

“बाबा, तुमचे मित्र कर्ज देतात, फेडायला येत नाहीत,” मुलगी म्हणाली.

मी गॅसवाल्याचा नंबर सेव्ह करून घेतला. पार्सलवाले दारात येऊन हाका मारतील, असं ठरवलं. मग मुलीने ते सेटिंग लावलं आणि आमचं घर शांत झालं. मला ती शांतता फार आवडली. दुपारी मी डुलकी घ्यायला लागले. मोजून, लिहून, विचार करून एखादी गोष्ट सुधारली की माणसाला जे समाधान वाटतं ते मला वाटत होतं. ते मी लपवत नाही.

दर वर्षी भात कापून झोडून झालं की काकीचे तीन मिस कॉल येतात. मग मी फोन करते आणि पहिल्या तोडीचा दिवस ठरतो. गेल्या वर्षी ते आले नाहीत. मला आधी काळजी वाटली नाही, कारण माझ्याकडे कारण होतं. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला होता. माझ्या वहीत छत्तीस मिलिमीटर होता. भात ओलं झालं असणार, कापणी आठ-नऊ दिवस पुढे गेली असणार, म्हणजे काकीही आठ-नऊ दिवस उशिरा. मी नवऱ्याला हे सांगितलं आणि त्यानेही मान डोलावली. आकडे सांगितले की तो वाद घालत नाही.

नऊ दिवस गेले. बारा गेले. झाडाखाली पिकलेले चिकू पडायला लागले. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेल्या फळांचा सकाळी चिकट सडा असायचा, आणि त्याचा आंबूस वास थेट ओट्यापर्यंत यायचा.

सोळाव्या दिवशी नवरा घोलवडकडे कामाला गेला होता. परत आला तो हेल्मेट न काढताच अंगणात उभा राहिला.

“काकी दिसली.”

“कुठे?”

“दुसऱ्याच्या वाडीत. सगळी आठ जणं. तिचा जावई झाडावर होता.”

“तू बोललास?”

“नाही. तिने बघितलं माझ्याकडे. मग खाली बघून निवडायला लागली.”

मी आत गेले आणि भांडी घासायला घेतली, ती आधीच घासलेली होती. बावीस वर्षं. जायचं तर जा, पण दोन मिस कॉल देऊन जा. येत नाही म्हणून कळवायची पद्धत तिनेच घातली होती. मी नवऱ्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, “जाऊन विचार.” मी म्हटलं, “मी का जाऊ?” असे आणखी अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत आम्ही दोन वेगळ्या टोळ्यांना विचारलं. एकीने नाही म्हटलं. दुसरी एक दिवस आली, तिने कच्चे चिकू तोडून सात क्रेट भरले आणि आम्हीच त्यांना परत येऊ नका म्हणून सांगितलं.

डिसेंबरात एका रविवारी मी फोनची वही पुरी करायला बसले. सेटिंग लावल्यापासून रोज किती फोन अडवले गेले ते मला लिहून ठेवायचं होतं. उपयोग काही नव्हता. पण अर्धी राहिलेली नोंद मला बघवत नाही. मुलीने सांगितलेली ती वेगळी यादी उघडली आणि तारीखवार उतरवायला लागले.

विक्रीवाल्यांच्या फोनांना एक चाल असते. दहाच्या पुढे सुरू होतात, दुपारी थोडे थांबतात, संध्याकाळी वाढतात. सकाळी आठाच्या आत कुणी कर्ज देत नाही. म्हणून नोव्हेंबरातल्या एका तारखेला सहा वाजून बेचाळीस मिनिटांचा फोन दिसला तेव्हा माझी पेन्सिल थांबली. त्याच नंबरावरून सहा त्रेचाळीसला पुन्हा एक. आणि त्याच मिनिटात तिसरा.

दुसऱ्या दिवशी वेगळा नंबर. सहा एकोणचाळीस. तीन वेळा.

तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी तीन. एक दिवस मोकळा, मग पुन्हा तीन. पाच दिवस, चार वेगवेगळे नंबर, पंधरा फोन. दुधाची गाडी टाकीपाशी थांबते ती वेळ.

आणि सातव्या दिवशी दोन.

मी ती यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग नवऱ्याला हाक मारली. त्याने चष्मा लावून यादी बघितली.

“तिने कळवलं होतं,” मी म्हटलं.

“हो.”

“सात दिवस वाट बघितली तिने.”

“हो गं.”

चूक कुठे झाली ते मला तेव्हाच कळलं. जुलै म्हणजे लावणीचा महिना. डोंगराकडचं कुणीही माणूस त्या महिन्यात आपलं शेत सोडून खाली येत नाही आणि फोनही करत नाही. अठरा वर्षांत एकाही जुलैत काकीचा मिस कॉल आलेला नाही. मी नेमका तोच महिना मोजला आणि त्यावर सगळं वर्ष ठरवलं. फक्त जुलै मोजून कुणी मला म्हणालं असतं की डहाणूला बाराही महिने पाऊस पडतो, तर मी त्याला हसले असते.

पहिल्या नंबरावर फोन लावला. दूधवाला होता. “काकी? ती रोज सकाळी कुणा ना कुणाचा फोन मागायची. मी म्हटलं, अगं, घंटाच जात नाही, कापतोय फोन. ती म्हणाली, परत लाव.” दुसरा नंबर अंगणवाडीतल्या बाईंचा. त्या जरा तुटक बोलल्या. “आम्हाला वाटलं, तुम्ही बंद केलंत तिला.”

मी म्हटलं, “केलंच होतं. पण मुद्दाम नाही.” हे वाक्य मला स्वतःलाच पटेना.

बाजाराच्या दिवशी टोळी सुट्टी घेते, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी रजा टाकली आणि डहाणूहून तलासरीची एसटी धरली. एक तास दहा मिनिटं. पुढे भरली की सुटणारी जीप, आणि मग पायवाट. घरचा फोन पिशवीत घेतला होता, सेटिंग काढून. दूधवाल्याला वाट विचारावी लागली तर म्हणून.

बावीस वर्षांत मी काकीच्या घरी दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला, मांडवात. घर तसं बघितलं नव्हतं. शेणाने सारवलेलं अंगण, कडेला झोडलेल्या भाताचा पेंढा रचलेला. काकी नागली पाखडत बसली होती. तिने मान वर केली आणि सूप खाली ठेवलं नाही.

डोंगराकडची माणसं सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, कलेक्टर आला तरी. काकीची बोली मला नीट लिहिता येत नाही म्हणून तिचं बोलणं मी आपल्या मराठीत लिहिते आहे. ‘तू’ मात्र तिचंच.

“आलीस, बाय?” ती म्हणाली. “बस. पाणी घे.”

मी पाणी प्यायले. “काकी, फोनचं सांगायला आले.”

“काय सांगायचं त्यात. तुला राग आला होता. मला ठाऊक आहे.”

“कसला राग?”

“फांदीचा.” तिने सूप बाजूला सारलं. “मे महिन्यात जावयाने फांदी मोडली. तू काही बोलली नाहीस. पण वहीत लिहिलंस. मी बघितलं. मला वाचता येत नाही, पण लिहिताना बघता येतं. तेव्हाच मी जावयाला म्हटलं, आता बाय आपल्याला नाही बोलावणार.”

मला आठवलं. ईशान्येच्या कोपऱ्यातलं झाड, खालून तिसरी फांदी. मी तारीख घालून लिहिलं होतं. मी सगळंच लिहिते. कुठलं झाड कधी फुललं, कुठे कीड पडली, कुठली फांदी गेली. त्या लिहिण्याकडे बघून कुणाला आपलं काम गेलं असं वाटत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“काकी, मी पाऊससुद्धा लिहिते,” मी म्हटलं. “म्हणून काय पावसावर रागावते?”

“पावसाला काय, तो कुठे मजुरीला येतो?”

आत तिची सून होती, ती हसली. काकी हसली नाही. मग मी तिला पहिल्यापासून सांगितलं. रोजचे साडेआठ फोन, वही, मुलगी, सेटिंग, नंतर सापडलेली यादी. तिचे तीन-तीन फोन कुठल्या तारखेला किती वाजता आले ते मी कागदावर उतरवून नेलं होतं, ते वाचून दाखवलं. शेवटचे दोनही. ती ऐकत होती. प्रत्येक तारखेला मान हलवत होती.

“म्हणजे घंटा पोचली होती.”

“पोचली होती. मला ऐकू येत नव्हती.”

“आणि ते रोजचे लोक काय म्हणतात तुला?”

“कर्ज घ्या म्हणतात. विमा घ्या. जमीन विका.”

“ओळख ना देख, आणि कर्ज घे म्हणून मागे लागतात?”

“हो.”

“वेडे आहेत काय!” ती सुनेकडे वळली. “ऐकलंस? हिला घरी बसून कर्ज देतात, आणि ही फोन बंद करते.”

मला तलासरीला परतायची जीप गाठायची होती म्हणून आम्ही बोलत बोलत टाकीपर्यंत आलो. तिथे रेंज आली आणि पिशवीतला फोन वाजला. अनोळखी नंबर. मी कापणार तेवढ्यात काकी म्हणाली, “थांब, दे इकडे.” मी स्पीकर लावून तिच्या हातात दिला.

“नमस्कार मॅडम, आपके लिए पर्सनल लोन का एक बढ़िया ऑफर है.”

“कोण तू?” काकी तिच्या बोलीत म्हणाली.

“मॅडम, हिंदी में बात कर सकते हैं?”

“लोन नको. तुझ्याकडे माणसं आहेत का?”

“जी?”

“माणसं. चिकू काढायला. आठ पाहिजेत, झाडावर चढणारी. बायला गरज आहे.”

पलीकडून फोन बंद झाला.

“त्यानेच ठेवला,” काकी म्हणाली. तिला फार आनंद झाला होता. “बघ, तू उगाच घाबरत होतीस.”

तेव्हा मी जे विचारायला आले होते ते विचारलं. “काकी, परत येशील?”

तिने फोन माझ्या हातात दिला. “होळीपर्यंत नाही. तिकडे शब्द दिला आहे. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना आठ दिवस थांबवलं तुझ्यासाठी. ते थांबले. आता त्यांना कसं सोडू?”

ती माझ्यासाठी जशी वागली होती तशीच त्यांच्याशी वागत होती. मी म्हटलं, “सोडू नकोस.”

“बाजाराच्या दिवशी आम्ही मोकळे असतो. तो एक दिवस येतो तुझ्याकडे.”

“नको. तेवढा एकच दिवस असतो तुम्हाला. सहा दिवस झाडावर चढलेला माणूस सातव्या दिवशी पडतो.”

“हेही लिहिलंयस काय वहीत?”

“नाही. पण पडतो.”

ती टाकीच्या कठड्याला टेकली आणि खाली रस्त्याकडे बघायला लागली. जीप अजून भरली नव्हती. ड्रायव्हर टपावर पाय सोडून बसला होता.

“दीर आहे माझा,” ती शेवटी म्हणाली. “तो आणि त्याची बायको. टोळीत नाहीत, घरीच असतात. त्याची नजर चांगली आहे. उंचावर सावकाश चढतो. तो आला तर चालेल?”

मी हिशेब केला. एकसष्ट झाडं. आठ माणसं चार दिवसांत तोडायची. दोन माणसांना सोळा दिवस लागणार, सुट्ट्या धरून अठरा-एकोणीस. आणि तीन आठवड्यांनी पहिलं झाड पुन्हा तयार.

“काकी, दोघंच असतील तर त्यांचं काम संपणारच नाही. शेवटच्या झाडापर्यंत पोचतील तोवर पहिलं परत येईल. मध्ये दोन दिवस मिळाले तर मिळाले.”

“मग त्यांचं बिऱ्हाड तुझ्याकडेच ठेव. विहिरीजवळची खोली रिकामी आहे ना?”

“आहे.”

“पत्रा गळतो तिचा.”

“तुला कसं माहीत?”

“गेल्या पावसाळ्याआधी तुझ्या शेटला सांगितलं होतं मी. त्याने केला नसेल.”

नवऱ्याने केला नव्हता. ते मी कबूल केलं. तिने सांगितलं, पत्रा आधी कर, मग सोमवारी ती दोघं येतील. आणि होळीनंतर ती स्वतः सगळ्यांना घेऊन येईल, पण एका अटीवर. पुढच्या वर्षापासून मी घंटेची वाट बघायची नाही. भात झोडून झालं की मी यायचं, तिच्याकडे जेवायचं आणि दिवस ठरवून जायचं. “मी सात दिवस त्या टाकीपाशी उभी होते,” ती म्हणाली. “दुधाचा गाडीवाला हसायला लागला होता. आता तू ये.” जाऊन-येऊन साडेचार तास होतात, हे मी मनात मोजलं आणि हो म्हटलं.

नवऱ्याने दोन दिवसांत पत्रा बदलला. फोनचं सेटिंग काढलेलंच राहिलं. फोन पुन्हा पहिल्यासारखे येतात, तो पुन्हा सगळ्यांशी बोलतो, आणि मी ‘नको’ म्हणून ठेवते. मोजत नाही. सोमवारी दीर आणि त्याची बायको आली, अंथरुणाची वळकटी आणि जाळीचे दोन बांबू घेऊन. त्याने एकसष्टच्या एकसष्ट झाडांखालून एक फेरी मारली. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या झाडापाशी तो थांबला, मोडलेल्या फांदीच्या जागी नवा फुटवा आला होता तिथे बोट लावलं, आणि बायकोला म्हणाला, “इथूनच धरू.”